वाकडं तोंड, मुका सिनेमा आणि एक कबूतर

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. मी लेखिका नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहायचं-वाचायचं काहीही असलं की ते माझ्याकडे येतं, एवढाच माझा अनुभव. पण मागे फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये एक नवी मुलगी भेटली. अर्धं तोंड ओढणीत. तिनं हळूच विचारलं, "दीदी, आपका चेहरा भी ऐसा था? फिर ठीक कैसे हुआ?" गोळ्या, व्यायाम, धीर, असं मी सांगितलं. ते खरंच आहे. पण बसमधून घरी येताना वाटत राहिलं की मुख्य गोष्ट सांगायची राहून गेली. ती इथे सांगते.

बाबांचा रविवार

आम्ही रायपूरजवळ बीरगांवला दोन खोल्यांच्या घरात राहतो. बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडून कामासाठी इकडे आले आणि एका लोखंडाच्या कारखान्यात लागले. तिथल्या मशिनींनी हळूहळू त्यांचे कान नेले. कानात घालायचं यंत्र आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात असतं. बाबा आमचं बोलणं ओठांवरून वाचतात. आईचं बरंचसं, माझं सगळंच. बाबांशी बोलायचं तर आधी त्यांच्या समोर जायचं, मग तोंड उघडायचं, ही मला लहानपणापासूनची सवय.

सिनेमा बघताना मात्र त्यांची पंचाईत व्हायची. सिनेमातली माणसं पाठ फिरवून बोलतात, अंधारात बोलतात. बाबांनी सिनेमा बघणं सोडूनच दिलं होतं. मग कॉलेजात एका सरांनी रिकाम्या तासाला प्रोजेक्टरवर एक फार जुना, काळा-पांढरा, मुका विनोदी सिनेमा दाखवला. एक माणूस खांद्यावर लांब शिडी घेऊन बाजारातून चाललाय. कोणी हाक मारली की तो वळतो, शिडीही वळते, मागचा आडवा. त्याची माफी मागायला वळतो, तर दुसऱ्या बाजूचा आडवा. वर्ग हसत होता, मीही हसत होते, पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: यात तर ऐकायचं काहीच नाही!

रविवारी तो मी फोनवर शोधून बाबांना दाखवला. आधी ते शिडीकडे कामगाराच्या नजरेनं बघत होते. "अशी शिडी नेतेत का? आवाज देत जा लागते," म्हणाले. मग पहिला माणूस आडवा झाला आणि बाबांच्या तोंडून असा आवाज निघाला, जो मी कधी ऐकलाच नव्हता. मांडीवर थापा मारत, डोळे पुसत, ते पोट धरून वाकले. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव."

तेव्हापासून रविवार ठरून गेला. ओल्या रंगाच्या बाकावर ऐटीत बसणारा साहेब. पडलेली टोपी उचलायला वाकणारा आणि दर वेळी आपल्याच पायानं ती पुढे ढकलणारा म्हातारा. गोल फिरणाऱ्या दारात शिरून बाहेरच न येणारा पाहुणा. मध्ये इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. मी वाचून सांगायला गेले तर बाबा हात हलवायचे, "राहू दे, समजलं मले." आणि खरंच समजलेलं असायचं. कॉलेजात माझं इंग्रजी कच्चं म्हणून मी मागच्या बाकावर बसते. या सिनेमांत बाबांना आणि मला सारखंच कळायचं, आणि सगळं कळायचं.

"रोज तोच माणूस पडते अन् तुमाले रोज नवं वाटते," आई म्हणायची.

"तो रोज नव्यानं पडते ना!" बाबांचं उत्तर.

मी त्या नटांच्या नकला करायचे. भुवया उडवायच्या, गाल फुगवायचे, तोंड वाकडं करायचं. बाबा हसले की मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं.

चूळ

त्या दिवशी सकाळी नळावर चूळ भरली, तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ कुर्त्यावर आलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच.

आईनं बघितलं. "सकाळी सकाळी तोंड वाकडं काहून करून राहिली?"

"नाही करून राहिले," असं मी म्हणायला गेले, तर शब्द ओठांत बसेचनात.

बाबा दारातल्या ओट्यावर चहा पीत होते. त्यांना वाटलं, ही त्या ओल्या रंगावर बसलेल्या साहेबाची नक्कल. मांडीवर थाप मारून ते हसले. "वा! हुबेहूब!" मी रडायला लागले. रडतानाही अर्धाच चेहरा रडत होता, म्हणून ते आणखी हसले. मग आईनं त्यांचा खांदा धरून हलवला.

बाबांचं हसू कसं थांबलं, ते मला अजून दिसतं. त्यांनी कप न बघता ओट्याच्या काठावर ठेवला. तो खाली पडला. सिनेमात असता तर आम्ही दोघंही हसलो असतो.

मास्क

रायपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. रिक्षात आई सारखी माझा हात चोळत होती, जणू आजार हातातच आहे. डॉक्टर तरुण बाई होत्या, तोंडावर मास्क. त्यांनी मला भुवया वर करायला सांगितल्या. एकच झाली. डोळे मिटायला सांगितले. एकच मिटला. दात दाखवायला सांगितले.

"डरो मत," त्या म्हणाल्या. "ये दिमाग वाला लकवा नहीं है। चेहरे की नस में सूजन है। ज़्यादातर लोग ठीक हो जाते हैं। किसी को थोड़े दिन लगते हैं, किसी को महीने। किसी-किसी में थोड़ा रह भी जाता है।"

मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. आईनं फक्त 'लकवा' हा शब्द ऐकला. बाबांनी काहीच ऐकलं नाही, कारण मास्कच्या मागचे ओठ दिसत नव्हते. बाहेर आल्यावर ते नेहमीसारखे माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मी सांगेन म्हणून. मी तोंडावर ओढणी घट्ट धरली होती. आईकडे बोट दाखवून मी पुढे चालायला लागले.

ज्यांना हे नवीनच झालंय, त्यांना एवढंच सांगते: दवाखान्यात लगेच जा, गावठी उपायात दिवस घालवू नका. आणि डॉक्टर बोलतात तेव्हा सोबतच्या माणसाला पूर्ण वाक्य ऐकायला सांगा.

आरशासमोरची रांग

रोज सकाळी फिजिओथेरपी. हॉलमध्ये एका भिंतीला लांब आरसा, त्याच्यासमोर खुर्च्या, आणि खुर्च्यांवर आम्ही वाकड्या तोंडाची माणसं. शिकवणाऱ्या दीदी मागे उभ्या राहून आज्ञा सोडायच्या. नाक मुरडा. गाल फुगवा. शिट्टी मारा. आम्ही सगळे एकदम गाल फुगवायचो आणि सगळ्यांची हवा एकदम फुस्स करून एका बाजूनं निघून जायची. पलीकडे खांद्याचा व्यायाम करणारे एक आजोबा दोरी सोडून आमच्याकडेच बघत बसायचे.

माझ्या शेजारी पंडरीच्या कापडबाजारातले एक साडीवाले काका असायचे. त्यांचा उजवा डोळा मिटायचा नाही.

"बेटी, तेरा तो फिर भी ठीक है," ते एकदा म्हणाले. "मेरी दुकान लेडीज़ कपड़े की है। पलक झपकाता हूँ तो एक ही आँख बंद होती है। ग्राहक समझती है, सेठ आँख मार रहा है!"

"फिर?" मी ओढणीतून विचारलं.

"फिर क्या, घरवाली काउंटर पर बैठ गई है। मैं गोदाम में।"

सगळी रांग हसली. आरशात ते हसू मी बघितलं: प्रत्येकाचं एका बाजूला कानापर्यंत गेलेलं, दुसऱ्या बाजूला जागचं न हललेलं. मी पटकन मान खाली घातली. गप्प असले की माझा चेहरा जवळजवळ पूर्वीसारखा दिसायचा. हसले की सगळं उघडं पडायचं. म्हणून मी ठरवलं, हसायचंच नाही.

ओढणी

त्या काळातल्या बारीकसारीक गोष्टी कोणी सांगत नाही. वरण-भात खाताना डाव्या गालात घास साठून राहतो. चहा चमच्यानं प्यावा लागतो. झोपताना डोळ्यावर पट्टी चिकटवावी लागते. आई रोज ती पट्टी इतक्या हलक्या हातानं लावायची की मला झोप येईपर्यंत तिची बोटं कपाळावर आहेत असंच वाटायचं. अशी सुखंही त्यात होती.

कॉलेजात मी गेले नाही. माझा सेमिनार होता, तो पुढे ढकलला. पण खरं दुःख घरातलं होतं. एकदा मी बाबांना म्हटलं, "पाणी देऊ?"

"काय?" बाबा म्हणाले.

पुन्हा म्हटलं.

"काय?"

तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी मी स्वयंपाकघरात निघून गेले. प, ब, म म्हणायला ओठ मिटावे लागतात, आणि माझे मिटतच नव्हते. चेहरा सरळ होईल की नाही ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की असाच राहिला तर बाबांशी बोलायची माझी वाट कायमची बंद झाली.

रविवार यायचा आणि जायचा. फोन मी काढत नव्हते, बाबा मागत नव्हते. ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. आई आमच्या दोघांमध्ये निरोप ने-आण करायची आणि चिडायची. "एका घरात राहून राहिले की दोन गावात?"

मामांची पिशवी

अशाच एका रविवारी आईचे धाकटे भाऊ, शंकरमामा, गोंदियाकडून आले. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवी हलत होती.

"ताई, पाणी ठेव गॅसवर," ते दारातूनच म्हणाले. "रानकबूतर आणलं. लकव्यावर याच्यासारखं औषध नाही. आमच्या गावच्या एका बुढ्याचं तोंड पार कानाकडे गेलं होतं. रस्सा पेला, अन् सरळ!"

"मामा, डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नाही," मी ओढणीमागून म्हटलं.

"डॉक्टर कबूतर सांगंल का? त्याचा धंदा नाही बसणार?"

आई परातीत पीठ चाळत बसली होती. तिनं मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोह तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "पण कापंल कोण?" ती म्हणाली.

"भाऊजी!" मामांनी बाबांकडे बोट दाखवलं.

बाबा म्हणजे पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सायकलवरून मैदानात नेऊन सोडणारा माणूस. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. सगळे आपल्याकडे बघतायत एवढंच दिसलं, म्हणून त्यांनी होकारार्थी मान हलवली, "हव."

मामांनी पिशवी त्यांच्या हातात दिली. पाहुण्यानं काहीतरी आणलंय, असं समजून बाबांनी गाठ सोडली.

कबूतर सरळ वर उडालं. वर पंखा फिरत होता.

"पंखा! पंखा!" आई ओरडली. बाबांनी तिचे ओठ वाचले, बोर्डाकडे झेप घेतली आणि घाईत कूलरचं बटण दाबलं. कूलरच्या तोंडाशी आईची परात होती. पीठ उठलं आणि खोलीत पांढरा ढग झाला. त्या ढगातून मी चाचपडत जाऊन पंखा बंद केला. तो थांबत आला, तसं कबूतर एका पात्यावर बसलं आणि आरामात खोलीला एक चक्कर मारून आलं.

"थांबा, मी धरतो," म्हणत मामा तांदळाच्या कोठीवर चढले. झाकण तिरपं झालं. मामांचा एक पाय हवेत गेला आणि दुसरा पाण्याच्या बादलीत. बादली अरुंद होती. पाय निघेना. ते बादलीसकट खोलीभर खडखड करत फिरायला लागले.

बाबांनी खुंटीवरची मच्छरदाणी ओढली. एक डोळा बारीक करून नेम धरला. फेकली. कबूतर बाजूला सरकलं आणि मच्छरदाणी मामांवर पडली. मामा आत गरगर फिरले, तिची दोरी बाबांच्या पायात अडकली, आणि दोघं मिळून पलंगावर आडवे झाले. आई झारा उंच धरून उभी होती. "धरा! धरा!" ती म्हणत होती, पण कोणाला ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

मग कबूतर खाली उतरलं. सांडलेल्या पिठावर नाजूक पावलं उमटवत ते दारापर्यंत चालत गेलं. उंबरठ्यावर थांबलं. मान वळवून आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं. आणि चालतच बाहेर गेलं. उडायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

मला हसू फुटलं. किती आठवड्यांनी हसले कोण जाणे, पण इतकं मोठ्यानं हसले की भिंतीला धरावं लागलं. उजवीकडे तोंड कानापर्यंत, डावीकडे जागच्या जागी, डोळ्यांतून पाणी, ओठांतून लाळ. मग भान आलं. ओढणी शोधली, ती पिठानं भरलेली. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हात काढ," बाबा मच्छरदाणीतून म्हणाले.

मी मान हलवली.

"हात काढ, बेटा. तू काय म्हणून राहिली, मले दिसत नाही."

मी हात खाली घेतले. "काही नाही म्हणत, बाबा. हसून राहिले." ब आणि म कुठेतरी गळून गेले.

"हसून राहिली," बाबा म्हणाले. "समजलं."

मला खरं वाटेना. "तुमाले समजते? इतकं वाकडं असून?"

"कारखान्यात तंबाखू भरलेले तोंड वाचतो मी, इतकी वर्षं झाली. तुझं वाचता नाही येणार? तूच ओढणी धरून बोलते. ओढणीवर काही लिहून राहते का?"

तेव्हा मला आठवलं. पाणी देऊ, असं मी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा ओढणीतून.

बाबांनी केसांतलं पीठ झटकलं. त्यांचा आवाज उतरला. "त्या दिवशी मी हसलो होतो तुझ्यावर. मले वाटलं, म्हणून तू माझ्यापासून तोंड लपवून राहिली."

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुमाले नक्कल वाटली. चांगलीच झाली होती ती."

"तुमचं मागून बोला ना," मामा मच्छरदाणीखालून ओरडले. "भाऊजी, पहिले माझा पाय काढा!"

बादली काढायला आम्हा तिघांना जोर लावावा लागला. ती निघाली तेव्हा आई मागे पिठात बसली, आणि मग तीही हसली.

त्यानंतर

हसल्यामुळे मी बरी झाले, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल, आणि कोणी गोळ्या सोडून नुसतं हसत बसेल. त्या दिवशी चेहरा तसूभरही हलला नव्हता. पण मी घरात ओढणी सोडली. आरशासमोर मान वर ठेवून व्यायाम करायला लागले. संध्याकाळी तेच व्यायाम बाबांसमोर करायचे आणि ते समोर बसून माझ्याबरोबर गाल फुगवायचे. आईला वाटायचं, दोघांनाही झालंय.

काही दिवसांनी हॉलमध्ये साडीवाले काका आरशात बघता बघता ओरडले, "अरे बेटी, फिर से कर! फिर से!" मी नाक मुरडलं. डाव्या नाकपुडीशी एक बारीकशी सुरकुती आली. इतकी लहान, की दीदी जवळ येऊन वाकून बघत होत्या. पलीकडच्या आजोबांनी दोरी सोडून टाळ्या वाजवल्या.

सेमिनार मी दिला, तेव्हा चेहरा अजून पुरता सरळ नव्हता. सुरुवातीलाच मी वर्गाला सांगितलं की माझ्या चेहऱ्याची एक बाजू सध्या सुट्टीवर आहे, काही समजलं नाही तर विचारा. दोघातिघांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. याहून भयंकर काही झालं नाही.

आता थकले की डावा डोळा थोडा बारीक होतो, एवढंच उरलंय. दर रविवारी आम्ही फोन डब्याला टेकवून बसतो. आता आईही असते. शिडीवाला वळायच्या आधीच बाबा हसायला लागतात, कारण पुढे काय होणार हे त्यांना पाठ आहे, आणि त्यांचं हसू बघून मी. मग ते माझ्याकडे वळून बघतात, मी काही बोलले तर दिसावं म्हणून. मी तोंड झाकत नाही.

मामा मात्र गावभर सांगतात, की भाचीचं तोंड त्यांच्या कबुतरानं सरळ केलं. आधी मी फोनवर त्यांच्याशी वाद घालायचे. आता घालत नाही. ते कबूतर आम्ही खाल्लं नाही, एवढंच फक्त ते सांगत नाहीत.